चव्वेचाळीस लाखांची जागा

"नाही म्हणाले," फोन ठेवत कॅरोलिन म्हणाली. "फुकट दिला तरी नकोय त्यांना."

संघाचा मॅनेजर वेंडेल टॉलिव्हरने फळ्यावरच्या चौथ्या क्लबाच्या नावावर काट मारली. आता फळ्यावर एकही नाव उरलं नव्हतं. दुपारचा एक वाजला होता. चार वाजता टॅव्हियन मॅकी सही करायला येणार होता, आणि त्याला घ्यायला संघात जागा नव्हती.

पैसा होता, जागा नव्हती. बास्केटबॉल लीगचा नियमच तसा होता. सगळ्या खेळाडूंचे पगार मिळून ठरलेल्या मर्यादेत बसायला हवेत. मॅकीला बसवायचं तर लुईव्हिल रिव्हरमेनला त्रेचाळीस लाख डॉलर कमी पडत होते. चार वर्षांपूर्वी वेंडेलनेच मोठ्या हौसेने दोन खेळाडूंशी लांबलचक करार केले होते. आज त्या दोघांना कुणी दारात उभं करायला तयार नव्हतं.

"लेनर्डकडे दोन दिवस मागून बघ," कॅरोलिन म्हणाली. लेनर्ड मॅकीचा एजंट.

"सकाळीच मागितले. म्हणतो, दोन मोठे क्लब जास्त पैसे घेऊन बसलेत. पोरगा तुमच्याकडेच जायचं म्हणतोय, का ते मलाही सांगत नाही. पण चारला कागद तयार नसले तर मी त्याला विमानात बसवतो."

पोरगा का येतोय, ते वेंडेलला ठाऊक होतं. निदान त्याला तसं वाटत होतं. गेल्याच आठवड्यात त्याने मॅकीसमोर दोन तास बसून नव्या संघाचा आराखडा मांडला होता. एवढं मन लावून तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. बोलणं भागच होतं. तीन वर्षं संघ तळाला होता. या वर्षी मोठं नाव आलं नाही तर क्लब विकून टाकतो, असं मालकाने स्वच्छ सांगितलं होतं. आणि घेणारा तो उचलून दुसऱ्या शहरात नेणार होता. मग ऑफिसातली नव्वद माणसं घरी बसली असती. त्यात बावीस वर्षं पगारांचे नियम सांभाळणारी कॅरोलिनही होती.

"एकच वाट उरते," ती म्हणाली.

"त्याचं नाव काढू नकोस."

"एलिसचे सहासष्ट लाख आहेत. करार एका वर्षाचा उरलाय. आज मोकळा केला तर तो पगार तीन वर्षांत विभागता येतो. वर्षाला बावीस. चव्वेचाळीस लाख सुटतात." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "पण एकदा असं केलं की हा हंगाम त्याला परत घेता येणार नाही. फुकट खेळतो म्हणाला तरी."

वेंडेलने फळा पुसून टाकला. मग जिना उतरून सरावाच्या हॉलमध्ये गेला.

एलिस ब्रॉडनॅक्स गुडघ्यावर बर्फ बांधून बाकावर बसला होता. वय छत्तीस. त्यातली अकरा वर्षं याच संघात. वेंडेलचा चेहरा बघून तो म्हणाला, "कोण मेलं?"

वेंडेलने सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसायचा धीर झाला नाही.

एलिसने बर्फाची पिशवी सोडून बाजूला ठेवली. "तीन वर्षांपूर्वी याच मर्यादेपायी मी पगार कमी करून घेतला. तेव्हा तू काय म्हणाला होतास?"

"की इथूनच निवृत्त होशील."

"हं. म्हणाला होतास खरा." त्याने गुडघा चोळला. "किमान पगारावर ठेव. शेवटच्या खुर्चीवर बसेन. एकच हंगाम, वेंडेल. पोरीची शाळा संपते इथली. तेवढं कर."

"नियमात बसत नाही रे. बसलं असतं तर..."

"कोण येतोय?"

"सही होईपर्यंत नाव सांगायचं नाही, अशी अट आहे त्यांची."

"चांगला आहे?"

"फार."

"मग दुसरं काय करणार होतास तू." एलिस भिंतीला धरून उठला. वेंडेलने पुढे केलेला हात त्याला दिसला नाही, किंवा त्याने बघितला नाही. "बायकोला मी सांगतो. पेपरवाल्यांच्या आधी मला तासभर दे."

वेंडेलने त्याला पूर्ण तास दिला. तीन वाजून दहा मिनिटांनी कॅरोलिनने कागद लीगकडे पाठवले. साडेतीनला मंजुरी आली. वेंडेल बाथरूममध्ये गेला, तोंडावर पाणी मारलं आणि आरशात न बघताच बाहेर आला.

चारला पाच मिनिटं असताना मॅकी आला. चोवीस वर्षांचा, दारातून वाकून येणारा, बोलताना खाली बघणारा पोरगा. मागोमाग घड्याळ बघत लेनर्ड. कॅरोलिनने करार पुढे सरकवला. बरोबर त्रेचाळीस लाखांची जागा भरून वर एक लाख उरले होते. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच वेंडेलला मोकळा श्वास घेता आला.

मॅकीने पेनाचं टोपण काढलं आणि थांबला.

"मिस्टर टॉलिव्हर, सहीच्या आधी एक विनंती होती. गेल्या वर्षी माझी आई गेली, तेव्हा मी खेळ सोडायला निघालो होतो. कुणालाच माहीत नाही. लेनर्डलाही नाही. तेव्हा एक जण मला दर रविवारी फोन करायचा. खेळाबद्दल अवाक्षर नाही. जेवलास का, झोपलास का, एवढंच." तो लाजून हसला. "त्याच्यासोबत एक हंगाम तरी खेळायचं, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. त्याला अजून काही सांगितलं नाहीये. ही सही मला त्याच्या शेजारी बसून करायचीय. एलिसला जरा बोलावता?"