दोन मिनिटांत उत्तर

कंपन्यांनी लोकांशी कसं बोलावं, याची आखणी करून देण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आजही एका बड्या कंपनीच्या साहेबमंडळींना तो छातीठोकपणे सांगत होता, "आलेला एकही निरोप उत्तरावाचून राहता कामा नये. आमच्याच ऑफिसचं बघा. वेबसाइटवर कुणीही लिहू दे, दोन मिनिटांत आपुलकीचं उत्तर आपोआप जातं. मजकूर मी स्वतः लिहिलाय!"

एवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं. पण हौस दांडगी! त्याने ऑफिसचा इनबॉक्स थेट मोठ्या पडद्यावर उघडला. सगळ्यात वरचा निरोप नेमका त्याच्या आईचा निघाला.

"तुझ्या फोनवर पाच मेसेज टाकले, एकालाही उत्तर नाही. म्हणून इथे लिहितेय. रविवारी घरी येशील का?"

त्याखाली दोन मिनिटांत गेलेलं उत्तर होतं, "तुम्ही आठवण काढलीत, खूप बरं वाटलं. तुमचं आमच्या मनात खास स्थान आहे. लवकरच भेटू."

आणि त्याखाली पुन्हा आई.



"किती दिवसांनी इतकं गोड बोललास रे! पण आईला कशाला अहो-जाहो? ये, तुझी गादी उन्हात टाकून ठेवते."