खाच कुणी पाडायची

दोन्ही लाकडं जमिनीवर एकावर एक ठेवली आणि ताईने कपाळाला हात लावला. खाच कुणीच पाडून आणली नव्हती.

उभं लाकूड दादाचं, चांगलं जाडजूड. आडवं धाकट्याचं, पातळ. दोघंही सुतार, दोघंही तिचे सख्खे भाऊ. दोघांच्या घरी वेगवेगळं जाऊन तिने बजावलं होतं, "आपापल्या लाकडात थोडी थोडी खाच पाडून आणा, म्हणजे क्रूस सपाट बसेल." आणि दोघांनीही मनात एकच ठरवलं असणार : पाडेल की तो, माझंच काय अडलंय? आता आडवं लाकूड उभ्याच्या उरावर बसलं होतं, भांडायला आल्यासारखं.

बाहेर अंगणात मंडळी जमली होती. नव्या प्रार्थनामंदिराची ही पहिली सकाळ. गाणाऱ्या बायका घसे साफ करत होत्या, पोरं दाराच्या फटीला डोळे लावून एकमेकांना ढकलत होती. पाळकांनी पुन्हा डोकं आत घातलं.

"ताई, झालं का हो? दोन प्रार्थना केल्या मी. आणखी एक लांबवली तर उन्हात कुणीतरी आमेनच्या आधीच आडवं होईल."

"झालंच," ताई म्हणाली. तिने घाईने दार पुन्हा लोटून घेतलं. धास्ती क्रूसाची नव्हती. बाप अंथरुणाला खिळला असताना धाकट्याने घरचा कारखाना परस्पर विकला, तेव्हापासून दादा दुसऱ्याच्या हाताखाली राबत होता. त्यानंतर दोघं एका छपराखाली उभे राहत होते ते आज. इथूनही तोंडं फिरवून गेले, तर पुन्हा या दोघांना एकत्र बघणं आपल्या नशिबी नाही, हे तिला पक्कं कळत होतं.

"विचार त्याला," दादा भिंतीकडे बघत म्हणाला, "हात काय खिशात घालून फिरायला दिलेत देवाने?"

"त्याला सांग," धाकटा खिडकीकडे बघत म्हणाला, "मोठ्याने आधी करायचं असतं. नुसतं दादा म्हणवून घ्यायचं नसतं."

"निरोप पोचवायला मी काय पोस्टात आहे?" ताईचा आवाज चढला. जन्मात चढला नव्हता इतका. "कुठे उभे आहात याची तरी लाज बाळगा रे! एकाला तरी कापून घ्यावंच लागेल ना? की मीच उभी राहू त्या भिंतीशी हात पसरून?"

दाराबाहेरची ढकलाढकली एकदम थांबली.

धाकट्याने ओठ चावला. पिशवीतून करवत काढली, आडव्या लाकडाच्या मधोमध टेकवली आणि तसाच बसून राहिला.

"थांब."

दादा बोलला होता. भिंतीशी नव्हे, त्याच्याशी.

"पातळ आहे तुझं. तिथे कापलंस तर मोडेल."

"मग करू काय?"

"काही करू नकोस. हे धर, हलू देऊ नकोस."

दादा गुडघ्यांवर बसला. आडव्या लाकडाची पुरी जाडी त्याने आपल्या लाकडावर पेन्सिलीने उतरवून घेतली. रेघ खोल गेली, फार खोल. धाकट्याने ती पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"दादा, सगळी नको. अर्धी तरी मी..."

"मोडेल म्हटलं ना. कान विकलेस का?"

'कारखान्याबरोबर कानही' असं म्हणाला नाही तो. म्हणता आलं असतं.

करवत चालू लागली. खर्र, खर्र. दादाच्या कपाळावरचा घाम थेट लाकडावर पडत होता. समोर धाकटा दोन्ही हातांनी ते लाकूड दाबून बसला होता, आणि प्रत्येक ओढीबरोबर त्याचेही खांदे हलत होते. 'ख्रिस्ताने आमच्याऐवजी सोसलं' यातला 'आमच्याऐवजी' हा शब्द ताई रोज पहाटे प्रार्थनेत म्हणायची. त्याला आवाज असतो, तो असा असतो, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

मग पटाशी. मग हातोडीचे ठोके. मोठमोठे ढलपे उडाले, ताईच्या पदरात येऊन पडले. दादाने खाचेतून बोट फिरवलं, फुंकर मारली.

"आण तुझं."

धाकट्याने आडवं लाकूड उचलून खाचेत ठेवलं. ठक! बसलं! सपाट, नख शिरेल एवढीही फट नाही, आणि त्याच्या अंगाला साधा ओरखडासुद्धा नाही. दादाने दोन खुंट्या ठोकल्या.

"दार उघडा!" ताई ओरडली. "अहो, या! या सगळे!"

लोंढा आत शिरला. कुणी खांदा दिला, कुणी दोर धरला, पोरं उगाचच "सांभाळून, सांभाळून" म्हणून मोठ्यांना शिकवू लागली. गाणं कुणी सुरू केलं कळलंच नाही. पाळकांना तर सुरात शिरायला धावावं लागलं. क्रूस वर वर गेला. एका शिडीवर दादा, दुसऱ्या शिडीवर धाकटा. दादाने भिंतीतल्या लोखंडी पकडी आवळल्या, पाना कमरेला अडकवला.

गाणं संपत आलं तरी धाकटा खाली उतरेना. आडव्या लाकडाला दोन्ही हातांनी खालून आधार देऊन, त्यावर कपाळ टेकून तो तसाच उभा होता.

"आता काय झालं?"

"निसटलं तर, दादा?"

दादाने आपल्या शिडीवरून वाकून त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"सोड आता. धरलंय त्याला."