जोडव्यांचं पाणी

बायको गेली त्याआधीचा शनिवार. मधुमेहाने चिघळलेला तिचा पाय सोमवारी कापायचा होता. शेजारची तन्वी कुडाळच्या कॉलेजात काजूच्या पानांच्या रसाने जखमेतले जंतू मारणारे चांदीचे अतिसूक्ष्म कण बनवते. चांदी विरघळलेलं पाणी त्या रसाने तपकिरी झालं की कण तयार. मी हात जोडून औषध मागितलं. “काका, आजून उंदरांवर तपासतंव. माणसाक देऊक येना नाय,” ती म्हणाली. घरी येऊन काजूच्या पानांसोबत सुजेमुळे काढलेली बायकोची जोडवी टोपात उकळत ठेवली. “जोडव्यांची पेज करतास काय?” बायकोने खाटेवरून विचारलं. पाणी तपकिरी झालं. टोप तिच्यापुढे नेला. “बघ गो, चांदी उतरली.” तिने पळी घातली. तळाशी जोडवी वाजली. “रंग पानांचो. बापाशीन माज्या माशांची जाळी अशीच झाडाची साल उकळून रंगवली.” मी खाली बसलो. तिने पाय माझ्या मांडीवर ठेवला. “पाणी निवला काय? घाला.”