मशीनची तक्रार

गिरीज गावचे शत्रुघ्नकाका दर दोन महिन्यांनी जयवंतीकाकूंना घेऊन माझ्या श्रवणयंत्रांच्या क्लिनिकमध्ये यायचे. "हिच्या मशीनचं बघ गो, कानात आवाज आदळतो म्हणते." मी तपासायचे. मशीन ठीक असायचं. काकू नुसत्या हसायच्या.

काकू वारल्यावर काका मशीन परत द्यायला आले. सवयीने मी ते तपासणीच्या, स्टेथोस्कोपसारख्या नळीला जोडलं.

"तिला कसं ऐकू यायचं, मला ऐकव की, पोरी."

आवाज थोडा कमी करून मी नळी त्यांच्या कानांना लावली.

"जयवंती, चहा टाक!" ते रोजच्यासारखे ओरडले आणि स्वतःच दचकले.

मग मशीन तोंडाशी धरून अगदी हळू म्हणाले, "जयवंती, मी चहा टाकू का?"