आठ किलोची सॅक

आल्प्समध्ये सहा रात्री, सहा डोंगरी हटांत मुक्काम, सामान पाठीवर, आठ किलोच्या वर एक ग्रॅम नाही! नागेशने फॅक्स करकरून सगळं चोख ठरवलं होतं. दुबईत, देरा भागातल्या खोलीत त्याने सॅक काट्याला लटकवली, तर साडेआठ! आतून निघाले चिमुकले शाळेचे बूट. “भिवादादा, अहो मी गावाला नाही, आल्प्सला चाललोय!” “सुट्टीवर चाललास ना? मग येताना मुंबईवरून ये की!” रूममेट भिवादादा खुशाल म्हणाले. लेकीच्या पायाच्या मापाचा दोरा त्यांना पत्रातून आला होता. “गणपतीपर्यंत दुसरं कोणी गावाला जात नाय. तोवर पाय वाढायचा थांबेल होय? मागचे बूट पोचले तेव्हा पायात चढलेच नायत.” मग नागेशने रोलचा कॅमेरा काढून कॉटवर ठेवला, बुटांत आपले मोजे कोंबले आणि हटच्या यादीखाली लिहिलं: सातवा मुक्काम, भिवादादांचं घर, गुहागर.