फरशीची पाठ

“तो सांधा मी भरला,” तोक्तार-आगा म्हणाले. “चूक माझी.”

 चौकशीच्या खोलीत समोर बसलेली रौशन त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिली. दोन महिने ती हेच ऐकायला थांबली होती.

तिचा नवरा मेइरम चाचणी-भट्टीवर कामाला होता. भट्टीच्या भिंतीला कार्बनच्या फरशा, फरशांच्या पाठीला झाळून जोडलेल्या तांब्याच्या नळ्या, नळ्यांतून गार पाणी. एक फरशी सुटली. उघडी पडलेली नळी वितळली, पाण्याची वाफ झाली आणि भट्टी फुटली. मेइरम आठ दिवस जगला.

कार्बनला धातू सहजासहजी धरत नाही. झाळ, म्हणजे जोडासाठी वितळवायचा धातू, पातळ झाली की अळवावरच्या पाण्यासारखी गोळा होऊन घरंगळते. चांदी-तांब्याच्या भुकटीच्या लेपात थोडं टिटॅनियम पडलं, तरच चिकटते. इर्तिश नदीकाठच्या त्या कारखान्यात ही कला आगांची. रौशन अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होती. तिचं लग्नही त्यांनीच जुळवलं होतं.

“नेमकं काय चुकलं?” संचालक ल्युदमिला पेत्रोव्नांनी विचारलं.

“झाळायची भट्टी गार व्हायच्या आत उघडली. घाई झाली.”

“जन्मात कधी घाई केली नाहीत,” रौशन म्हणाली, “ती नेमकी माझ्या नवऱ्याच्या वेळी?”

“हो, पोरी.”

“पोरी म्हणू नका मला.”

 कबुली मिळाली, तपास तिथंच थांबला. त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं. गावानं त्यांना सलाम करणंही सोडलं. मेइरमच्या शंभराव्या दिवसाच्या जेवणाला आगांच्या बायकोनं बाउर्साक तळून आणले, तर रौशननं तिला दारातूनच परत पाठवलं.

“खायचं तरी ठेवून घे गं,” ती म्हातारी म्हणाली. “त्यांनी स्वतः पीठ मळलंय.”

“म्हणूनच नको.”

थंडीत आगा गेले. रौशन मातीला गेली नाही.

वसंतात आगांची जागा तिला मिळाली. कामावर आलेल्या नव्या बायकांना शिकवताना घाईनं सांधा कसा बिघडतो ते दाखवावं, म्हणून तिनं कोठारातून ती सुटलेली फरशी मागवली. लवकर उघडलेल्या भट्टीतला सांधा तडकतो. झाळ फरशीला धरून असते, तिच्यात भेगा पडतात.

तिनं फरशी उलटी केली.

भेग एकही नव्हती. काठाला झाळेचे चार मणी कसेबसे अडकले होते. बाकी पाठ काळी, कोरी. तिनं पुसून पुन्हा पाहिलं. मग उजेडात नेऊन पाहिलं.

तिनं लेप कालवल्याची वही काढली. त्या तारखेचं पान उघडलं. चांदी होती, तांबं होतं. टिटॅनियमचा रकाना रिकामा होता. खाली कालवणाऱ्याची सही होती: रौशन.