हेम्याचा पेग

"सोडा खाली ठेव! आधी नुसता वास घे," मी दिग्यावर खेकसलो. अठरा वर्षं लाकडी पिंपात मुरलेली स्कॉच होती ती, आणि हा माझा मित्र तिला सोड्यात बुडवायला निघाला होता.

त्याने मुकाट्याने सोडा ठेवला. मग नेहमीच्या सवयीने ग्लासात बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडले.

"अरे गाढवा, ही काय कोपऱ्यावरच्या बारमधली आहे? कुणाला उडवतोस?"

"हेम्याला," तो म्हणाला. "बाटली त्यानेच आणली होती ना. फोडायच्या आधीच गेला बिचारा."

मी उठलो आणि चिडूनच तिसरा ग्लास दिग्यापुढे आदळला.

"मग दोन थेंबांवर काय बोळवण करतोस त्याची? पेग भर! आणि वर सोडा ओत भरपूर. त्या मूर्खाला नीट पिणं कधी जमलंच नाही."